उत्तर खेळाच्या बाहेर

[दृश्य: संध्याकाळचा कॉलेज रोड, नाशिक. गेमिंग कॅफेच्या आतले रंगीत पडदे.]

कॉलेज रोडवरच्या एखाद्या गेमिंग कॅफेत संध्याकाळी शिरलात, तर बहुतेक पडद्यांवर गोळीबार चाललेला दिसेल. पाच विरुद्ध पाच, कानाला हेडफोन, मध्येच आरडाओरडा. एकट्याने खेळायचा, काही तासांत संपणारा कोड्यांचा खेळ इथे सहसा दिसत नाही. तो घरी खेळला जातो. सिडकोत नाहीतर इंदिरानगरमध्ये, रात्री जेवणं आटोपल्यावर. आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून वाद होतो. एकाला तो अजोड वाटलेला असतो, दुसऱ्याला पैसे वाया गेले असं वाटतं. खेळलेला खेळ मात्र एकच.

स्वतःची चौकट मोडून थेट खेळाडूला कामाला लावणाऱ्या या कोड्यांच्या खेळांबद्दल मतं इतकी टोकाला का जातात, हा या माहितीपटाचा विषय आहे.

[दृश्य: महाकवी कालिदास कलामंदिराचा रिकामा रंगमंच, प्रेक्षागृहातून.]

रंगमंचाला तीन भिंती असतात. चौथी भिंत प्रेक्षकाच्या बाजूची, न दिसणारी. नटाने ती आहे असं धरून चालायचं आणि प्रेक्षकाकडे बघायचं नाही, हा वास्तववादी नाटकाचा संकेत. आपल्याकडे तो पुष्कळ उशिरा आला. संगीत नाटकातला सूत्रधार थेट प्रेक्षकांशी बोलतो, तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या समोरच्या माणसाची फिरकी घेतो. त्यामुळे पडद्यावरचं पात्र वळून आपल्याशी बोललं, एवढ्यावर मराठी माणूस थक्क होईल असं नाही. खेळाला त्यापुढे जावं लागतं. नाटकात प्रेक्षकाने हसलं तरी भागतं, खेळात त्याला काहीतरी करावं लागतं.

इथेच चांगला खेळ आणि नुसता चटपटीत खेळ वेगळे होतात. पात्राने ‘तू माऊस हलवतोयस, मला कळतंय’ असं म्हटलं की तो विनोद झाला. एकदा हसू येतं. पण कोड्याचं उत्तर खेळाच्या चौकटीत कुठेच नसेल, ते तुमच्या संगणकातच कुठेतरी ठेवलेलं असेल आणि ते शोधल्याशिवाय दार उघडणार नसेल, तर ती भिंत तुम्ही स्वतः मोडलेली असते. तो क्षण खेळाडू विसरत नाहीत.

[दृश्य: जुन्या प्लेस्टेशनचे कंट्रोलर लावायचे दोन पोर्ट, अगदी जवळून.]

ही युक्ती छोट्या स्टुडिओंनी शोधलेली नाही. १९९८ साली कोनामी या जपानी कंपनीच्या ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये सायको मँटिस नावाचा शत्रू खेळाडूच्या मनातलं ओळखतो आणि प्रत्येक वार चुकवतो. उपाय असा, की कंट्रोलर पहिल्या पोर्टमधून काढून दुसऱ्यात लावायचा. त्याच खेळात एका पात्राशी संपर्क साधायला रेडिओची फ्रिक्वेन्सी लागते, १४०.१५. ती खेळात नव्हती, सीडीच्या डबीच्या पाठीमागे छापलेल्या चित्रात होती. ज्याच्या हातात डबीशिवाय नुसती सीडी आली, त्याला ही सूचना समजणार कशी?

हा प्रश्न पुढच्या प्रत्येक खेळाला लागू आहे. कोड्याचा एक तुकडा खेळाबाहेर ठेवला, की तो तुकडा खेळाडूपर्यंत पोहोचेल याची खात्री बनवणाऱ्याला देता येत नाही.

[दृश्य: ‘वनशॉट’. काळोखं जग, हातात पेटता दिवा घेतलेलं पात्र.]

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे ‘वनशॉट’, अर्थात एकच संधी. २०१४ साली तो फुकट निघाला. वाढवलेली, विकत मिळणारी आवृत्ती डिसेंबर २०१६ मध्ये आली. सूर्य विझलेल्या जगात निको नावाचं, मांजरासारख्या डोळ्यांचं एक पोर जागं होतं. त्याच्या हातातला विजेचा दिवा हाच नवा सूर्य. तो मनोऱ्यावर पोहोचवायचा. निकोला ठाऊक आहे की आपल्याला चालवणारं कुणीतरी बाहेर आहे. ते तुम्हाला नावाने हाक मारतं आणि ते नाव संगणकावरच्या तुमच्या खात्यातून घेतलेलं असतं.

पहिल्या आवृत्तीचा नियम कठोर होता. मध्येच खिडकी बंद केली तर निकोचा शेवट. पुन्हा खेळायची सोय नाही. आता हे नाशिकच्या मे महिन्यात ठेवून बघा. वळवाचा पाऊस, वारा, आणि लाइट गेली. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर खेळ तिथेच संपला, यात खेळाडूची चूक काहीच नाही. २०१६च्या आवृत्तीत हा नियम सैल केला. निकोला अंथरुणावर झोपवलं की खेळ नीट बंद होतो आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतो. जुन्या खेळाडूंपैकी काहींना आजही वाटतं की त्यामुळे नावातली धारच गेली. आम्हाला हा बदल योग्य वाटतो. शिक्षा निर्णयाबद्दल असावी, वीजपुरवठ्याबद्दल नसावी.

यापुढची दोन मिनिटं ज्यांना खेळ कोरा खेळायचा आहे त्यांनी पुढे सरकवावीत. एका कोड्याचं उत्तर कुठे आहे ते आम्ही सांगणार आहोत.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर डॉक्युमेंट्स फोल्डर उघडतो.]

खेळात एक तिजोरी आहे. तिचा आकडा खेळात कितीही हिंडलात तरी सापडत नाही. खेळ एक फाईल तयार करून तुमच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये ठेवतो, आकडा तिथे आहे. खेळ बाजूला ठेवून आपलाच फोल्डर उघडायचा, हे ज्याला स्वतःहून सुचतं त्याला ‘वनशॉट’ आवडतोच. ज्याला ती फाईल दिसत नाही, त्याला खेळ बिघडलाय असं वाटतं.

फाईल न दिसण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, वनड्राइव्ह. विंडोजमध्ये वनड्राइव्हचा बॅकअप चालू असला की खरा डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हच्या आत जातो. खेळाडू सी ड्राइव्हमधून आपल्या नावाच्या जुन्या फोल्डरात जातो आणि तो रिकामा असतो. म्हणून फाईल एक्स्प्लोररच्या डाव्या पट्टीतल्या डॉक्युमेंट्सवर क्लिक करून आत जावं. तो दुवा बरोबर जागी नेतो.

दुसरं कारण सुरक्षेचं. विंडोज सिक्युरिटीमध्ये रॅन्समवेअर प्रोटेक्शनखाली ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ नावाची सोय आहे. ती मुळात बंद असते, पण घरात कुणी काळजीपोटी चालू केली असेल, तर अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये लिहिता येत नाही. फाईल तयारच होत नाही. तिथेच ‘अलाउ अ‍ॅन अ‍ॅप’मध्ये खेळाची एक्सई फाईल जोडायची आणि खेळ पुन्हा सुरू करायचा. सगळी सुरक्षा बंद करून बसण्याची गरज नाही.

तिसरं कॅफेचं. तिथल्या बऱ्याच संगणकांवर रीस्टार्ट केल्यावर सगळं मूळ स्थितीत आणणारं सॉफ्टवेअर असतं. तुमची सेव्ह त्यात पुसली जाते. वॉलपेपर बदलायला बंदी असते, आणि या खेळात एका टप्प्यावर वॉलपेपरही कामाला लावला आहे. शिवाय खात्याचं नाव ‘अ‍ॅडमिन’ असेल तर निको तुम्हाला अ‍ॅडमिन म्हणूनच ओळखणार. खेळाचा जीव ज्या जवळिकीत आहे ती तिथेच विरते. असा खेळ कॅफेत खेळू नये, इतकं साधं आहे. घरचा संगणक जुना असला तरी चालतो. हा खेळ आरपीजी मेकर या साधे खेळ बनवायच्या साधनाच्या जातीचा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. फक्त पूर्ण पडद्यावर न खेळता खिडकीत खेळा, म्हणजे मागे डेस्कटॉपवर काय घडतंय ते दिसेल.

[दृश्य: पिक्सेलमधलं घोड्याचं शिंगरू उड्या मारत कुंपण ओलांडतं. पडदा अचानक फाटल्यासारखा होतो.]

डॅनियल मलिन्स यांचा ‘पोनी आयलंड’ जानेवारी २०१६ मध्ये आला. दोन-तीन तासांचा खेळ. सैतानाने लिहिलेल्या जुन्या आर्केड यंत्रात तुम्ही अडकला आहात आणि त्याचा कोड मोडून सुटायचं आहे. त्यातल्या एका झुंजीत समोरचा राक्षस लक्ष ढळू देऊ नकोस असं बजावतो, आणि नेमक्या त्याच वेळी पडद्याच्या कोपऱ्यात स्टीम या संगणकी खेळांच्या ऑनलाइन दुकानातून मित्राचा संदेश आल्यासारखी सूचना झळकते. खेळाडूची नजर तिकडे जाते. संदेश खोटा असतो, खेळाने रंगवलेला.

२०१६ सालच्या खेळाडूंनी या जागेबद्दल भरभरून लिहिलं. आज खेळणाऱ्याला ती तितकी का लागत नाही, याचं कारण खेळात नाही. स्टीमने जून २०२३ मध्ये आपलं रूप बदललं, सूचनांचं रूपही बदललं. खेळातली सूचना त्या काळच्या स्टीमची नक्कल आहे. शिवाय ज्याने स्टीमच्या सूचना आधीच बंद करून ठेवल्या आहेत, त्याला ती दिसताक्षणी शंका येते. चौथी भिंत मोडणारे खेळ आजूबाजूच्या सॉफ्टवेअरबरोबर म्हातारे होतात. म्हणून जुनं मत वाचताना त्याची तारीख बघावी.

‘वनशॉट’ कन्सोलवर नेताना हीच अडचण समोर आली. कन्सोलला डॉक्युमेंट्स फोल्डर नाही, वॉलपेपर नाही. २०२२ साली निघालेल्या ‘वर्ल्ड मशीन एडिशन’ने त्यावर उपाय म्हणून खेळाच्या आतच एक खोटा डेस्कटॉप बांधला. कोडी सुटतात, कुणाची फाईल हरवत नाही. पण खोटी भिंत मोडण्यात खऱ्या भिंतीची मजा येत नाही. ज्याच्याकडे संगणक आहे त्याने संगणकावरची २०१६ची आवृत्ती घ्यावी.

[दृश्य: ‘देअर इज नो गेम’चा शीर्षकाचा पडदा.]

तिसरा खेळ स्वभावाने सगळ्यांत खेळकर. २०१५ साली एका गेम जॅमसाठी, म्हणजे थोड्या मुदतीत खेळ बनवायच्या स्पर्धेसाठी, ‘देअर इज नो गेम’ नावाचा इवलासा खेळ निघाला, ब्राउझरमध्ये खेळायचा. त्यातला निवेदक इथे खेळ नाहीच असं सांगून तुम्हाला घालवून देऊ पाहतो. तुम्ही शीर्षकातल्या अक्षरांनाच हात घालता. त्याचा मोठा अवतार, ‘राँग डायमेन्शन’, फ्रान्सच्या ड्रॉ मी अ पिक्सेल या स्टुडिओने ऑगस्ट २०२० मध्ये काढला.

यात तुमच्या फोल्डरला हात लावला जात नाही, त्यामुळे वर सांगितलेल्या अडचणी येत नाहीत. अडचण भाषेची येते. निवेदक इंग्रजीत सतत बोलतो, बऱ्याच सूचना त्याच्या टोमण्यांत दडलेल्या आहेत, आणि काही कोडी पडद्यावरच्या अक्षरांवर उभी आहेत. सबटायटल्स चालू ठेवा, आणि आवाज बंद करून मागे गाणी लावू नका. दुसरी अडचण पूर्वपरिचयाची. एक भाग शेरलॉक होम्सच्या पॉइंट-अँड-क्लिक साहसाची नक्कल करतो, एक ‘झेल्डा’ या जुन्या साहसी खेळाच्या धर्तीवरचा आहे. ज्याने लहानपणी असे खेळ पाहिलेच नाहीत, त्याला विडंबन कशाचं चाललंय ते कळत नाही, फक्त कोडं उरतं. पण पुढे तोच ‘झेल्डा’सारखा भाग जाहिराती आणि खरेदीच्या बटणांनी भरलेला मोबाइल गेम होऊन परत येतो. तो नाशिकच्या पोरांना समजावून सांगावा लागत नाही. फोनवर हेच तर खेळत मोठे झालेत सगळे.

अडकलात तर खेळातच सूचना मागायची सोय आहे, ती वापरा. यूट्यूबवरचा पूर्ण खेळ बघू नका. उत्तर एकदा कळलं की या जातीच्या खेळात मागे काही उरत नाही. गुण नाहीत, दुसऱ्यांदा वेगळ्या पद्धतीने सोडवायला फारशी जागा नाही.

[दृश्य: स्टीमवरच्या एका खेळाचं पान, खाली मतांची रांग.]

आता लांबीची तक्रार. स्टीमवर विकत घेतलेला खेळ १४ दिवसांच्या आत आणि २ तासांहून कमी खेळला असेल तर परत करता येतो. न चालणाऱ्या खेळापासून ग्राहकाला वाचवणारा हा चांगला नियम. पण दीड तासाचा खेळ संपवूनही पैसे परत मागता येतात. २०२१ साली एमिका गेम्स या छोट्या स्टुडिओने याच कारणासाठी खेळ बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं. त्यांचा ‘समर ऑफ ’५८’ हा भयकथेचा खेळ दोन तासांच्या आत संपत असे. खेळ आवडला, पूर्ण केला आणि मग परत केला, याला ग्राहकाचा हक्क म्हणणं आम्हाला पटत नाही. फाईल तयार होत नाही, खिडकी उघडताच बंद पडते, असं काही असेल तर मात्र खुशाल परत करा.

लांबी वाढवून या खेळांचं भलंही होत नाही. भिंत पहिल्यांदा मोडते तेव्हा धक्का बसतो. पाचव्यांदा मोडते तेव्हा खेळाडू भिंतीचीच वाट बघत बसलेला असतो. प्रत्येक वेळी नवी जागा शोधावी लागते, आणि संगणकात अशा जागा मोजक्याच आहेत: खिडकी, फाईल, नाव, वॉलपेपर, सूचना, सेव्ह.

मतं वाचताना स्टीमवर प्रत्येक मताच्या वर खेळलेले तास दिसतात, ते आधी बघा. वीस मिनिटांत दिलेलं नापसंतीचं मत बहुतेकदा खेळ चालला नाही याचं असतं, खेळ कसा आहे याचं नसतं. त्यातली तक्रार वाचा आणि ती आपल्या संगणकाला लागू पडते का ते तपासा. टक्केवारीवर फार विसंबू नका. स्टीमवर मत फक्त शिफारस आहे किंवा नाही असं देता येतं, त्यामुळे ‘बरा आहे’ आणि ‘अप्रतिम आहे’ ही दोन्ही मतं तिथे सारखीच मोजली जातात.

[दृश्य: कीबोर्डवर चालणारी बोटं. पडद्यावर मराठीत मत टाइप होतंय.]

आणि स्वतः मत लिहाल तेव्हा मराठीत लिहायला अजिबात कचरू नका. खिडकीत खेळलात की पूर्ण पडद्यावर, विंडोज कुठलं, कुठे अडकलात, हे लिहा. पुढच्या माणसाला त्याचाच उपयोग होतो. कोड्याबद्दल लिहायचं असेल तर तेवढं वाक्य स्पॉइलरच्या खुणेत टाका, म्हणजे ते आपोआप दिसत नाही. खेळतानाचं चित्रीकरण करणार असाल, तर ओबीएस या पडदा टिपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘गेम कॅप्चर’ निवडू नका, ‘डिस्प्ले कॅप्चर’ निवडा. गेम कॅप्चर फक्त खेळाची खिडकी टिपतो. खेळाने बाहेर डेस्कटॉपवर जे केलं, ते रेकॉर्डिंगमध्ये येतच नाही. मात्र डिस्प्ले कॅप्चरमध्ये तुमचं खरं नाव आणि फोल्डरांची नावंही दिसतात. त्यासाठी विंडोजवर वेगळं खातं उघडा आणि त्याला जगाला दाखवायला हरकत नसलेलं नाव द्या. निको त्याच नावाने हाक मारेल.