चारात एक
(परदेशातील मराठी मंडळाच्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी. नोकरी, लेकरू आणि दुर्मीळ आजारांचं काम, सगळ्याचा मेळ कसा घालता, असं आत्ता विचारलं गेलं. मी नाहीच घालत. सासूबाई घालतात, आणि न कुरकुरता तास बदलून घेणारे माझे सहकारी.

मी परभणीला अध्यापक विद्यालयात गणित कसं शिकवावं हे शिकवते. मुलाला गौशे आजार आहे. शरीरात एक एन्झाइम कमी पडतं, चरबीसारखा पदार्थ साठतो, प्लीहा आणि यकृत वाढतात. ते एन्झाइम दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून द्यायचं, जन्मभर. शेजारी बसून मी पाठ टाचणं तपासते. डोस वजनावर ठरतो. लेकरू अंगानं भरलं की मी आधी दृष्ट काढते, मग त्रैराशिक मांडते. केंद्राच्या २०२१च्या दुर्मीळ आजार धोरणातली मदतीची मर्यादा २०२२मध्ये २० लाखांवरून ५० लाख झाली. मोठीच गोष्ट, पण औषध आयुष्यभराचं, म्हणून आम्ही पालक अजून निवेदनं घेऊन फिरतो.

परळच्या केईएममध्ये आमच्याच भागातली एक बाई भेटली, रात्रभर देवगिरी एक्स्प्रेसनं आलेली. डॉक्टरांनी तिला ‘चारात एक’ सांगितलं होतं, म्हणजे आई-बाप दोघांकडे दोष लपलेला असला की दर मुलाला आजार होण्याची शक्यता. मला म्हणाली, “मॅडम, एक झालं की. आता पुढचे तीन चांगले निघतेल नं?”

मी पर्समधली दोन नाणी तिच्या हातावर ठेवली. एक तुमचं, एक मालकाचं. छापा चांगला, काटा दोषाचा. दोन्ही काटे पडले तर आजार. तिनं बाकावर उडवली. काटा-काटा. पुन्हा उडवली, पुन्हा काटा-काटा. बराच वेळ बघत राहिली. “म्हंजी ह्याला मागचं ध्यानातच राहत नाही.”

संभाव्यतेवर इतकं नेमकं माझ्या एकाही विद्यार्थ्यानं लिहिलेलं नाही! आता दर वर्षी हाच पाठ घेते. आमच्याकडे मामाच्या मुलीशी सोयरीक अजून होते. एकाच आजोबांकडून तोच काटा दोघांकडे येण्याची शक्यता तिथं वाढते. आमचं लग्न नात्यातलं नव्हतं, तरी आला, हेही वर्गात सांगते. नाहीतर सगळा दोष सोयरिकीवर, म्हणजे शेवटी सुनेवर जातो.

पैसे नकोत असं म्हणणार नाही. पण तुमच्यात डॉक्टर आहेत, जनुकशास्त्रातली मंडळी आहेत. महिन्यातून तासभर फोनवर, मराठीत, एखाद्या कुटुंबाला तपासणीचा अहवाल समजावून सांगा. दारापाशी वही ठेवली आहे. नाव लिहा, आणि वेळ भारतातली लिहा. मागच्या खेपेला एका आजोबांना पहाटे तीनला फोन गेला होता.