एकहाती यश नावाची भानगड

आयोजकांनी विषय दिलाय, ‘यश आणि आपली माणसं : समतोल’. म्हणजे तराजू आला. एका पारड्यात यश, दुसऱ्यात माणसं. एक वर गेलं की दुसरं खाली जाणारच. मला हे चित्रच मान्य नाही. का, ते सांगतोच, पण आधी अँड्र्यू वाइल्स हे गणितज्ञ.

सभागृहात गणितवाले किती आहेत? एकही हात नाही. छान, आता मी बिनधास्त बोलतो.

फर्माचं शेवटचं प्रमेय, म्हणजे गणितातलं एक जुनं विधान, साडेतीनशे वर्षं कुणाला सिद्ध करता आलं नव्हतं. १९८६ मध्ये वाइल्स घरातल्या माळ्यावर बसले आणि पुढची सात वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नाही. जून १९९३ मध्ये केंब्रिजला व्याख्यान दिलं, शेवटी फळ्यावर प्रमेय लिहिलं आणि म्हणाले, “मला वाटतं, मी इथेच थांबतो.” टाळ्यांचा कडकडाट!

प्रेरणादायी वक्ते गोष्ट बरोबर इथेच संपवतात. सात वर्षं, माळा, एकटा माणूस. मागे एका कार्यक्रमात माझ्याआधीच्या वक्त्यांनी हीच गोष्ट सांगितली आणि वर तरुणांना बजावलं, “मित्र नंतर भेटतील!” मी मागे बसून नुसता चडफडत होतो.

कारण माळ्यावरची गोष्ट वाइल्सच्या पत्नीला लग्नानंतर काही दिवसांतच कळली होती. आणि १९९३ च्या सुरुवातीला, सिद्धतेचा एक अवघड भाग कुणीतरी तपासायला हवा म्हणून वाइल्सनी निक कॅट्झ या सहकाऱ्याला विश्वासात घेतलं. गुपित फुटू नये म्हणून दोघांनी काय शक्कल लढवली? तो भाग चक्क विद्यार्थ्यांसाठीचा वर्ग म्हणून लावला. हे कशासाठी चाललंय हे पोरांना माहीत नाही, आकडेमोड भयंकर. एकेक जण गळत गेला. शेवटी वर्गात एकटे कॅट्झ! (माझ्याही वर्गात असं झालंय, पण तिथे गुपित वगैरे काही नव्हतं.)

आणि केंब्रिजच्या टाळ्यांनंतर सिद्धतेत भगदाड निघालं. कुणाच्या प्रश्नांमुळे? याच कॅट्झच्या. वाइल्सनी आधी एकट्यानेच बुजवायचा प्रयत्न केला, जमेना. मग रिचर्ड टेलर या आपल्याच जुन्या विद्यार्थ्याला बोलावून घेतलं. १९ सप्टेंबर १९९४ ला वाट सापडली. ती वाइल्सनाच सुचली, हे खरं. पण १९९५ मध्ये छापलेल्या दोन निबंधांपैकी एकावर दोघांची नावं आहेत.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे तीन.

तर मुद्दा. दिवसाचे तास मोजकेच, त्यामुळे ओढाताण होणारच. ती मी नाकारत नाही. आपलं चुकतं ते असं की काम चालू असताना माणसांना दाराबाहेर ठेवतो आणि थेट निकालाच्या दिवशी बोलावतो. मग ती टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. दुसरं काय करणार? अर्धवट, अडलेलं काम ज्याला दाखवता येतं, तोच आपला.

त्यासाठी गोतावळा लागत नाही. बाउमाइस्टर आणि लिअरी या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये हेच मांडलं : माणसाला मोजकी, टिकाऊ, वरचेवर भेटीगाठी असलेली नाती लागतात, ती असली की आणखी जोडण्याची ओढ कमी होते. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांचं २००४ चं संशोधन सांगतं की चांगली बातमी कुणाला सांगितली की त्या बातमीपलीकडे वेगळा आनंद मिळतो, आणि समोरचा ती कशी ऐकतो यावर नातं ठरतं. मोबाइलमधून मान वर न करता “अरे वा” म्हणणं त्यात धरू नका. माणसांच्या आयुष्याचा हार्वर्ड विद्यापीठाचा १९३८ पासूनचा अभ्यास राहिलाच. एका वाक्यात : पन्नाशीत जे आपल्या नात्यांत समाधानी होते, ते ऐंशीत जास्त धडधाकट होते.

आता, अर्धवट काम दाखवायला ज्यांच्याकडे कुणीच नाही त्यांनी काय करायचं? खरं व्याख्यान तिथून सुरू होणार होतं. तेवढा वेळ वाइल्सनी खाल्ला. प्रश्नोत्तरांत विचारा, अध्यक्षांनी परवानगी दिली तर.