पहारेकऱ्याची नजर चुकते तिथं

मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा विषय निघाला की बाईचं एक नाव आपल्या तोंडी पटकन येतं. बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके, रझाकारांवर हातबॉम्ब टाकणाऱ्या. यायलाच हवं. पण बॉम्ब टाकणारी दिसते. बॉम्ब गावात आला कसा, निरोप कुणी पोचवला, हे कुणी विचारत नाही. आज त्या ‘कसा’बद्दल बोलू. त्यासाठी जरा लांब जावं लागेल.

अटलांटिक ओलांडणाऱ्या गुलामांच्या जहाजांवर साधारण दहा फेऱ्यांमागं एका फेरीत बंड झालं, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. पुरुषांना जोडीजोडीनं बेड्या घालून जहाजाच्या पोटात कोंबत. बायकांना बहुधा मोकळं, मागच्या डेकवर कप्तानाच्या खोलीजवळ ठेवत. एक कारण खलाशांची वासना; दुसरं, बायका काय करणार हा समज. हत्यारंही त्याच बाजूला. त्यामुळं किल्ली कुणाकडं, पहारा कधी बदलतो, किती खलाशी तापानं पडलेत, हे बायकांना आधी कळे. ज्या जहाजांवर बायका जास्त, तिथं बंडंही जास्त, असं नोंदी सांगतात. बहुतेक बंडं बंदुकांपुढं मोडली. जहाज हाती आलंच, तरी शिडं हाकणार कोण, हा प्रश्न उरेच.

आता १९२९चं आग्नेय नायजेरिया, इग्बो जमातीच्या बायकांचा मुलूख. इंग्रजांनी तिथं सनदी प्रमुख नेमले होते. म्हणजे गावानं न निवडलेला, साहेबानं बसवलेला पाटील म्हणा. १९२६मध्ये पुरुषांची मोजणी झाली, कराशी संबंध नाही असं सांगून. १९२८मध्ये त्याच यादीवरून कर बसला. त्यामुळं नोव्हेंबर १९२९मध्ये ओलोको गावात मोजणीदार न्वान्येरुवा या बाईच्या अंगणात आला, तेव्हा पुढं काय येणार हे तिला ठाऊक होतं. ती पाम तेल काढत होती. तो म्हणाला, शेळ्या, मेंढ्या, माणसं मोज. तिनं विचारलं, तुझ्या आईची मोजणी झाली होती का? झटापट झाली, आणि ती थेट बायकांच्या बैठकीकडं गेली.

निरोप गेला ताडाच्या पात्यानं. पातं हाती आलं की पुढच्या गावाला पाठवायचं आणि स्वतः निघायचं. बाजारवाटा बायकांच्याच पायाखालच्या, म्हणून वेगळी संघटना लागली नाही. ओलोकोचा सनदी प्रमुख ओकुगो, त्याच्या दारात त्या जमल्या. याला तिकडं ‘माणसावर बसणं’ म्हणतात. आपल्याकडचं दारात धरणं धरणं याच जातीचं, फक्त आवाज मोठा. रात्रंदिवस टोमण्यांची गाणी, नाच, मुसळांनी भिंतीवर ठोकणं, वेळ आली तर छप्पर उचकटणं, तो नमेपर्यंत. बायकांनी ओकुगोची मानाची टोपी मागितली. ती काढून घेतली गेली आणि त्याला 2 वर्षांची कैद झाली. पागोटं उतरणं म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगायला नको.

चूक पुढं झाली. सनदी प्रमुख जिथं बसत त्या सोळा देशी न्यायालयांवर चाल झाली, बहुतेक जाळली किंवा मोडली. बायकांवर सरकार गोळी झाडणार नाही, ही त्यांची खात्री होती. डिसेंबरात सरकारनं ओपोबो गावात आणि इतरत्र गोळ्या झाडल्या. पन्नासहून अधिक बायका मेल्या. पहारेकऱ्याचा ‘बायका काय करणार’ हा समज आयुष्यभर वापरता येत नाही. एकदा तो फिटला की मोकळीकही संपते.

तरी त्या बायकांची नावं आणि बोलणी आज वाचता येतात, कारण गोळीबारानंतर सरकारनंच चौकशी आयोग नेमून साक्षी लिहून घेतल्या. आपल्याकडं स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शनला कैद दाखवावी लागते, पुरुषाला ६ महिने, बाईला ३. भूमिगत असाल, तर फरार असल्याचा कागद. आता भाकरीच्या दुरडीत काडतुसं नेणारी पकडलीच गेली नसेल, तर तिच्या नावावर वॉरंट कुणी काढायचं?