मतपत्रिकेच्या शेवटी छापलेले न्यायाधीश

शिकागो शहर ज्या कुक काउंटीत वसले आहे, तिथल्या मतदाराच्या हाती सार्वत्रिक निवडणुकीच्या दिवशी पडणारी मतपत्रिका मोठ्या पदांची नावे संपली तरी संपत नाही. पुढे न्यायाधीशांची नावे सुरू होतात आणि ती कधी कधी साठ-सत्तरांच्या घरात जातात. बहुतेक नावांसमोर एकच प्रश्न असतो : या व्यक्तीला कुक काउंटीच्या सर्किट कोर्टाच्या, म्हणजे खटले पहिल्यांदा जिथे चालतात त्या न्यायालयाच्या, न्यायाधीशपदी कायम ठेवावे काय? उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच द्यायचे असते.

महाराष्ट्रात कनिष्ठ स्तरावरचा दिवाणी न्यायाधीश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतो, त्यामुळे शिकागोच्या परिसरात स्थायिक होऊन नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसालाही ही रीत पहिल्यांदा नवलाची वाटते. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांतले न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट त्यांना मान्यता देते. राज्यांनी मात्र आपापला मार्ग निवडला. 1832 मध्ये मिसिसिपीने आपले सगळे न्यायाधीश लोकांनीच निवडावेत असे ठरवले, 1846 मध्ये न्यूयॉर्कने तीच वाट धरली, आणि पुढे अनेक राज्ये त्या वाटेने गेली. नेमणुकीच्या नावाखाली राज्यपाल आणि विधिमंडळातले पुढारी आपल्या मर्जीतल्या माणसांची सोय लावतात, ही त्या काळातली तक्रार खरी होती.

इलिनॉय राज्यात सर्किट न्यायाधीश होण्यासाठी घटनेने घातलेल्या अटी मोजक्याच आहेत. उमेदवार अमेरिकेचा नागरिक असावा, राज्यात वकिलीची सनद असलेला असावा आणि ज्या क्षेत्रातून तो निवडून येणार तिथला रहिवासी असावा. वकिली किती वर्षे केलेली असावी, याबद्दल घटना काहीच म्हणत नाही. उमेदवाराने मतदारांच्या सह्या गोळा करून अर्ज भरायचा, पक्षाच्या नावावर लढायचे, आणि निवडून आल्यावर मुदत 6 वर्षांची. कुक काउंटीत डेमोक्रॅटिक पक्षाचे वर्चस्व इतके आहे की बहुतेक जागांचा निकाल नोव्हेंबरमध्ये नव्हे, तर मार्चमधल्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीतच लागतो. त्याहीआधी पक्षाचे स्थानिक पदाधिकारी बैठक घेऊन कोणाला पाठिंबा द्यायचा ते ठरवतात. थोडक्यात, लोकांच्या मतापर्यंत पोचण्याआधी उमेदवाराला पक्षाच्या दारावरून जावे लागते, आणि हे लपून राहिलेले नाही.

पूर्वी ही निवडणूक संपूर्ण काउंटीभर एकत्र होत असे, आणि पन्नास लाखांहून अधिक वस्तीच्या काउंटीत कृष्णवर्णीय व लॅटिनो वकिलांना निवडून येणे फार अवघड जात असे. 1992 पासून काही जागा 15 उपमंडलांतून, म्हणजे काउंटीच्या लहान मतदार भागांतून, भरल्या जाऊ लागल्या. आता ती 20 आहेत. या बदलाने न्यायासनावरचे चेहरे खरोखर बदलले.

खरी अडचण माहितीची आहे. ज्यांच्याविषयी काहीच ठाऊक नाही अशा उमेदवारांतून निवडताना माणूस नावाकडे पाहतो, आणि कुक काउंटीत आयरिश वळणाचे नाव, त्यातही स्त्रीचे, मते खेचते असा अनुभव वर्षानुवर्षे सांगितला जातो. निवडणुकीच्या तोंडावर कायदेशीररीत्या आयरिश नाव घेणारे वकील निघाले, तेव्हा विधिमंडळाला कायदाच करावा लागला : अलीकडच्या 3 वर्षांत नाव बदललेले असेल, तर जुने नावही मतपत्रिकेवर छापायचे. ज्या खुर्चीसमोर भाडेकरूच्या घराचा निकाल लागतो, मुलाचा ताबा कोणाकडे ते ठरते, आणि सप्टेंबर 2023 मध्ये इलिनॉयमध्ये रोख जामीन रद्द झाल्यापासून आरोपीला खटल्याआधी कोठडीत ठेवायचे की नाही याचाही निर्णय होतो, त्या खुर्चीवरचा माणूस आडनावाच्या वळणावरून निवडला जावा, ही गोष्ट मनाला फार लागते.

न्यायाधीशाला पुढची मुदत हवी असल्यास त्याच्यासमोर दुसरा उमेदवार नसतो. केवळ ‘होय’ची मते 60 टक्के पडावी लागतात. कागदावर हा उंबरठा उंच वाटतो, पण 1990 नंतर तब्बल 28 वर्षे कुक काउंटीतला एकही न्यायाधीश त्यावर अडखळला नाही. याच काउंटीत 1980 च्या दशकात ‘ऑपरेशन ग्रेलॉर्ड’ या नावाने एफबीआयने तपास केला होता आणि पैसे घेऊन खटल्यांचे निकाल फिरवणारे 15 न्यायाधीश दोषी ठरले होते. बाहेरगावाहून कामाला आलेल्या एका न्यायाधीशाने आपल्या बुटात ध्वनिमुद्रण यंत्र लपवून पुरावा गोळा केला. ती कीड मतपेटीने शोधली नाही, तपास यंत्रणेने शोधली.

मतदाराला आधार मिळतो तो वकिलांच्या संघटनांचा. शिकागो बार असोसिएशन, शिकागो कौन्सिल ऑफ लॉयर्स आणि इतर अनेक संघटना प्रत्येक उमेदवाराची चौकशी करतात, त्याच्यासमोर उभे राहिलेल्या वकिलांकडून मते घेतात आणि पात्र किंवा अपात्र असा शेरा प्रसिद्ध करतात. मतदानाला जाताना ही यादी बरोबर नेणारे मतदार आहेत, आणि त्यांच्यामुळेच या पद्धतीत जीव आहे असे आम्हांला वाटते. 2018 मध्ये नागरिकांच्या गटांनी एका न्यायाधीशाविरुद्ध नेटाने मोहीम चालवली, पक्षानेही पाठिंबा काढून घेतला, आणि त्याला 60 टक्के गाठता आले नाहीत. 2020 मध्ये आणखी एका न्यायाधीशाला मतदारांनी घरी पाठवले.

आणखी एक गोष्ट मतपत्रिकेवर दिसत नाही. याच न्यायालयात सहयोगी न्यायाधीशही मोठ्या संख्येने बसतात, खटले चालवतात, निकाल देतात. त्यांच्यासाठी जनता मतदान करत नाही. निवडून आलेले सर्किट न्यायाधीश गुप्त मतदानाने त्यांची 4 वर्षांसाठी निवड करतात, आणि मुदत संपल्यावर त्यांना पुन्हा ठेवायचे की नाही हेही तेच ठरवतात. म्हणजे मतपत्रिकेच्या शेवटी केलेली एक खूण मतदाराने कधी नावही न ऐकलेल्या न्यायाधीशापर्यंत जाऊन पोचते.