गोगलगायीच्या पोटातलं शिसं

मंडळी, 'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण आपण वरून गरीब दिसणाऱ्या बेरक्या माणसासाठी वापरतो. प्राणिशास्त्रात ती शब्दशः खरी आहे. गोगलगाय पोटाच्याच पायावर सरकते आणि तळातला गाळ, शेवाळ खरवडून खाते. त्यात शिसं, कॅडमियम असे विषारी धातू असले की ते तिच्या अंगात साठत जातात. नदीचं पाणी तपासायला आपण बाटली भरतो सकाळी अकराला आणि सांडपाणी सुटतं रात्री, पावसाचा आडोसा बघून. रात्रीचं ते पाणी बाटलीत येत नाही. तळाशी बसलेल्या बेलामियाच्या, म्हणजे गोड्या पाण्यातल्या एका गोगलगायीच्या, अंगावरून मात्र ते गेलेलं असतं, म्हणून तिच्या मांसातले धातू मोजायचे.

आज आकडे कसे वाचायचे ते सांगणार होतो, पण आधी तांब्याबद्दल बोलायलाच हवं. अहवालात लिहितात, 'गोगलगायीत तांबं भरपूर, सबब नदी प्रदूषित.' अहो, बेलामियाच्या रक्तातच तांबं! आपल्याकडे लोहाचं हिमोग्लोबिन, तिच्याकडे तांब्याचं हिमोसायनिन. प्राणवायू मिळाला की ते निळसर होतं. स्वच्छ तळ्यातल्या बेलामियातही तांबं निघणारच. शेजारच्या पाणवनस्पतीवर चपट्या चकलीसारखी इंडोप्लॅनॉर्बिस ही दुसरी गोगलगाय बसलेली असते, तिचं रक्त हिमोग्लोबिनमुळे लाल. या दोघींना एकत्र वाटून सरासरी काढली, तर तो आकडा कशाचा म्हणायचा? म्हणून जात एकच घ्या, आणि वरच्या अंगाच्या स्वच्छ पाण्यातली तीच जात तुलनेला हवीच. शिसं आणि कॅडमियम यांचं शरीरात काही काम नाही, त्यामुळे त्यांचे आकडे जास्त सरळ बोलतात.

नर-मादीही वेगळे करा. बेलामियाची मादी पिल्लं पोटात वाढवते, तीही कवचासकट. त्यांच्या वजनाने हिशेब बिघडतो. बशीत थोडं पाणी घालून तिला चालू द्या. उजवी शिंगडी आखूड आणि जाड दिसली तर तो नर.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कृती भराभर सांगतो. 25 ते 28 मिलिमीटर उंचीच्या, स्पर्श होताच झाकण मिटणाऱ्या, दहा-दहा गोगलगायींचे निदान तीन गट करा. स्वच्छ पाण्यात 48 तास उपाशी ठेवा आणि दर 12 तासांनी पाणी बदला, नाहीतर त्या आपलीच विष्ठा खातात. उपाशी ठेवणं टाळलंत तर धातू मोजणारं यंत्र आतड्यातला गाळच मोजेल. मांस प्लास्टिकच्या चिमट्याने काढा. स्टीलमधून क्रोमियम, निकेल येतं. 60 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. अर्धा ग्रॅम भुकटीत 5 मिलिलिटर तीव्र नायट्रिक आम्ल घालून रात्रभर धूरकपाटात, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात ठेवा, मग तिथेच मंद तापवा. थंड झाल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबाथेंबाने घाला. गरम असताना ओतलंत तर फसफसून बाहेर येतं. गाळून 25 मिलिलिटर करा. यंत्रावर लिटरला 0.04 मिलिग्रॅम आलं तर 50 ने गुणा: कोरड्या वजनाच्या किलोला 2 मिलिग्रॅम.

प्रत्येक तुकडीबरोबर मांसाशिवायची एक कोरी नळी चालवा. तिच्यातही शिसं दिसलं, तर काचसामान 10 टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून सगळं पुन्हा करायचं.

शेवटचं, पाण्याचा कठीणपणा नोंदवा, कारण कॅल्शियम जास्त असेल तिथे कॅडमियम अंगात कमी शिरतं. आणि गोगलगायी पिंजऱ्यात घालून नदीत ठेवणार असाल तर जाळी नायलॉनची घ्या. तारेच्या जाळीवर जस्ताचा मुलामा असतो.