आंदणात मागितलेला किल्ला

(दृश्य: पहाट. हत्तरसंग कुडल, भीमा-सीनेचा संगम.)

सोलापूरपासून दक्षिणेला, भीमा आणि सीना जिथे एकमेकींना भेटतात तिथलं हे संगमेश्वराचं देऊळ. इथल्या दगडावर शके 940चा, म्हणजे इसवी सन 1018चा मराठी लेख कोरलेला आहे. त्यात लिहिणाऱ्यानं म्हटलंय, जो हे वाचेल तो विजयी होईल. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी गावोगाव हिंडून असे लेख उजेडात आणले.

दगड ऊनपाऊस सोसतो. कागदाला कसर लागते, वाळवी लागते. आणि सोलापूरचं नशीब तर कितीदा कागदावरच ठरलं!

(दृश्य: सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं भुईकोट किल्ल्याची तटबंदी.)

हा किल्ला तोफांनी जेवढा हलवला, तेवढाच सोयरिकींनी. 1524च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण बीबी मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. बोलणी सोलापुरात झाली. आंदण ठरलं सोलापूर आणि साडेपाच परगणे. लग्न लागलं, पण किल्ला काही दिला नाही. या एका न पाळलेल्या शब्दापायी दोन्ही शाह्यांच्या फौजा वर्षानुवर्षं एकमेकींवर चालून गेल्या. मधल्या मधे रयतेची उभी पिकं तुडवली गेली. चाळीसेक वर्षांनी हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा पुन्हा आंदणात हेच सोलापूर. त्या सोयरिकीनं जुळलेली दोस्ती 1565मध्ये विजयनगरवर चालून गेली.

पुढे 1668च्या तहात आदिलशाहीनं हा किल्ला मोगलांना देऊन टाकला.

(दृश्य: सांगोला. जुनी वस्ती, एसटी स्टँडची वर्दळ.)

आता सांगोल्याला चला. डाळिंबाच्या बागांसाठी सगळे ओळखतात ते हे गाव. पण मराठी राज्याचा कारभार नक्की कुणाच्या हाती, हे इथं कागदावर उतरलं. शाहू महाराज 15 डिसेंबर 1749 रोजी गेले. गादीवर रामराजे आले. प्रतिनिधींच्या, म्हणजे दरबारातल्या पेशव्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या, बाजूचा यमाजी शिवदेव सांगोल्यात ठाण मांडून बसला, म्हणून सदाशिवरावभाऊ रामराजांना बरोबर घेऊन इकडे आले. सप्टेंबर 1750मध्ये इथं करार झाला आणि राज्याचा सगळा अधिकार पेशव्यांकडे गेला. रामराजे साताऱ्याला परतले, ते ताराबाईंच्या कैदेत पडले. एवढी मोठी गोष्ट घडून गेली आणि सांगोल्याच्या पोरांना ती ठाऊक नसावी, याचं वाईट वाटतं.

(दृश्य: खारव्याच्या रुमालात बांधलेलं दफ्तर. हात गाठ सोडतायत.)

पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे सुमारे 39 हजार रुमाल आहेत. आपल्याकडे काय? जुन्या वतनदार घरांच्या माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, देवघराच्या फडताळात. पंढरपूर, मंगळवेढ्याकडे अभंगांची बाडं, पूजेच्या मानाचे आणि इनामांचे कागद. इनामाच्या कागदात शेवटी शपथ असते: हे दान मोडेल तो हिंदू असेल तर त्याला गाईची आण, मुसलमान असेल तर डुकराची. एकाच कागदावर दोघांनाही आपापल्या धर्माची भीती घातलेली. गावगाडा कुणाकुणाला धरून चालत होता, हे त्या दोन ओळींत दिसतं.

हात जोडून विनंती आहे. हे कागद रद्दीत घालू नका. लॅमिनेशन करू नका, फाटलं तर चिकटपट्टी लावू नका. सुती कापडात सैल बांधा, ओल लागू देऊ नका, दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेवा. आणि हे कागद ज्या लिपीत आहेत ती मोडी शिका. बोरू न उचलता ओढलेली ती अक्षरं पहिल्यांदा नुसती वेटोळी दिसतात. रोज थोडी गिरवली की सुटी होऊ लागतात.

(दृश्य: एक मुलगी वहीत मोडी अक्षरं गिरवते आहे. समोर नमुन्याचा कागद.)

वर श्री. खाली साल: इहिदे खमसैन मया व अलफ. अरबी आकडे, उलटे वाचायचे. अलफ हजार, मया शंभर, खमसैन पन्नास, इहिदे एक. 1151. हे शुहूर सन, मृग लागला की बदलणारं. पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर त्यात 599 मिळवायचे, की इसवी सन निघतं.

ती बेरीज करते. 1750. सांगोल्याचं साल.