झोतभट्टीचा भार पेलणारा कोक

मुरगाव बंदरात उतरलेला परदेशी कोळसा घेऊन मालगाड्या घाट चढतात आणि खानापूर तालुक्यातील लोंढा जंक्शनवरून बल्लारी जिल्ह्यातील तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याकडे जातात. सीमाभागात हे दृश्य रोजचेच आहे. मात्र या वाघिणींतला कोळसा जसाच्या तसा झोतभट्टीत, म्हणजे लोहखनिजापासून लोखंड काढणाऱ्या भट्टीत, टाकता येत नाही. हवा लागू न देता तो सुमारे १००० ते ११०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्यातील वायू व डांबर निघून जाते आणि मागे उरतो तो राखाडी, सच्छिद्र, आपटल्यावर खणखणीत वाजणारा कोक.

कोक जळून उष्णता देतो आणि त्यापासून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड खनिजातील ऑक्सिजन काढून घेतो, ही दोन कामे सर्वांना माहीत असतात. तिसरे काम सर्वांत कठीण आहे. भट्टीच्या खालच्या भागात खनिज आणि त्यासोबत टाकलेली चुनखडी वितळून जातात, आणि तिथे घनरूपात उरतो तो एकटा कोक. वरचा सगळा भार त्याच्यावर असतो, त्याच्याच फटींतून तप्त वायू वर चढतो आणि वितळलेले लोखंड व मळी (लोखंडापासून वेगळा होणारा वितळलेला टाकाऊ भाग) खाली झिरपतात. कोकचा चुरा झाला की या वाटा बुजतात, वायूचा दाब वाढतो आणि भट्टीत वरून भरलेला माल मध्येच अडकून राहतो.

म्हणूनच थंड कोक पिंपात फिरवून पाहिलेली मजबुती पुरेशी ठरत नाही. प्रयोगशाळेत साधारण २० मिलिमीटर आकाराचे २०० ग्रॅम तुकडे ११०० अंशांवर दोन तास कार्बन डायऑक्साइडच्या प्रवाहात ठेवतात. त्यात वजन किती घटले यावरून कोकची अभिक्रियाशीलता, म्हणजे या वायूमुळे तो किती झिजतो, ते कळते. उरलेले तुकडे नळीत घालून ६०० फेरे फिरवतात आणि चाळणीवर किती टिकले ते मोजतात. मोठ्या भट्ट्यांना घट साधारण २५ टक्क्यांच्या आसपास आणि टिकलेला भाग ६० ते ६५ टक्क्यांहून अधिक लागतो. खरेदीच्या बोलण्यात राखेचा आकडा आधी विचारला जातो, पण आमच्या मते या चाचणीचा आकडा त्याहून मोलाचा आहे. शिवाय आता भट्टीत गरम हवा सोडणाऱ्या झोतनळ्यांतून कोळशाची भुकटी फुंकून कोकची बचत केली जाते, त्यामुळे उरलेल्या थोड्या कोकला अधिक भार अधिक काळ सोसावा लागतो.

राखेचे महत्त्व अर्थातच आहे, कारण ती वितळवण्यासाठी जादा चुनखडी आणि जादा कोक जाळावा लागतो. झारखंडमधील झरियाच्या कोळशात राख जास्त असल्यानेच त्यात आयात कोळसा मिसळावा लागतो.

गंधकाचा प्रश्न मात्र थेट बेळगावच्या उद्यमबागेपर्यंत येतो. झोतभट्टीतील बहुतेक गंधक कोकमधूनच येतो; त्यातला बराचसा मळीत जातो, पण उरलेला कच्च्या लोखंडाबरोबर ओतकामाच्या कारखान्यांत पोहोचतो. चिवट बीड (सहज न तडकणारे ओतीव लोखंड) ओतताना वितळलेल्या रसात मॅग्नेशियम घालतात, ते ग्राफाइटचे कण गोलाकार व्हावेत म्हणून. रसात गंधक जास्त असेल तर मॅग्नेशियम आधी त्याच्याशीच संयोग पावते, ग्राफाइटला हवा तो आकार येत नाही आणि ओतलेला भाग ताण पडताच तडकतो.